नाही म्हणायला वेळ लागतो

साळवे मॅडम लाडू कापून खातात.

मी लाडू म्हणतोय, वडी नाही. मागच्या दिवाळीत आमच्या चंद्रकलेनं बेसनाचे लाडू केले आणि शेजारधर्म म्हणून फाटकापाशी ताटली नेऊन दिली. मॅडमनी पर्समधून बारीक सुरी काढली. लाडू ताटलीत दोन बोटांनी धरला, त्याचे पावासारखे पातळ काप केले आणि एकाशेजारी एक ओळीनं मांडले. मग चष्मा कपाळावर सारून वाकून बघितलं.

"वहिनी, बेदाणा मधोमध नाही. एका बाजूला सरकलाय."

चंद्रकला म्हणाली, "ते जाऊ द्या. गोड झालाय का?"

"ते अजून बघायचंय," मॅडम म्हणाल्या.

आमच्या पडेगावात या बाईंना सगळे ओळखतात ते या सुरीमुळं. दौलताबाद रोडवर पेरूच्या पाट्या लागतात, तिथं त्या पेरू घेतात आणि तिथंच कापतात. संत्र्याचं साल काढत नाहीत, सालासकट आडवं चिरतात. सीताफळापुढं तेवढी त्यांची सुरी हरते, म्हणून सीताफळाला त्या फळ मानत नाहीत. सलीम भाजीवाल्याच्या गाडीवर वांगी घेतली की प्रत्येक वांग्याला चीर. एखादं किडकं निघालं की तिथंच थांबतात आणि ढीग परत करतात. नाही निघालं तर शेवटच्या वांग्यापर्यंत जातात. सलीम वैतागून म्हणतो, "मॅडम, ये बैंगन है, मुर्दा नै।"

त्यावर मॅडमचं ठरलेलं उत्तर. "आहे म्हणायला एक वांगं पुरतं, सलीमभाई. नाही म्हणायला सगळी बघावी लागतात."

मॅडम डॉक्टर आहेत, पण गोळ्या देणाऱ्या नाहीत. ऑपरेशन करून माणसाच्या अंगातून काढलेला तुकडा त्यांच्या शहरातल्या लॅबमध्ये जातो. त्या तो कापतात, काचेवर घेतात, मशीनखाली बघतात आणि रोग आहे का, असला तर कुठला, ते लिहून देतात. गल्लीतलं कुणाचं लेकरू तापलं आणि बाई डॉक्टर म्हणून कुणी धावत गेलं, तर फाटकातूनच सांगतात, "मला जिवंत माणसातलं काही कळत नाही. पुढच्या चौकात जा." घरी एकट्याच असतात. आई होती, ती गेली. कुणाच्या घरी जात नाहीत, कुणाला बोलवत नाहीत. सगळा व्यवहार फाटकावर.

आता माझं सांगतो. मी टेलर. शिक्षण चौथी, कारण पाचवीचे गुरुजी मला पसंत पडले नाहीत. पण टेलरला मास्तर म्हणायची रीत आहे, त्यामुळं तहसीलदाराची बायकोसुद्धा मला मास्तर म्हणते, आणि मी त्या रीतीला आडवा येत नाही. माझ्या शिलाईला कुणी बोट लावलेलं नाही. लावलं तर ते गिऱ्हाईक मी बंद करतो.

साळवे मॅडमना मात्र बंद करता आलं नाही, कारण त्यांनीच मला बंद केलं. झालं असं, की त्यांनी उशांचे अभ्रे शिवायला कापड दिलं. प्रत्येक तुकड्याच्या कडेला दोन धागे बांधलेले, एक लांब, एक आखूड. आता लोंबता धागा दिसला की माझी कात्री मला विचारत नाही. मी धागे उडवले, अभ्रे शिवले, घडी करून दिले. मॅडम तासाभरात दुकानात हजर.

"मास्तर, धागे कुठायत?"

"कापले. लोंबत होते."

"लांब धागा म्हणजे बाहेरची बाजू. आखूड धागा म्हणजे वरची बाजू. आता या उशीची वरची बाजू कोणती, ते कोण सांगणार?"

"उशीला वर-खाली नसतं, मॅडम. डोकं कुठंही ठेवा."

"सगळ्याला वर-खाली असतं," त्या म्हणाल्या आणि अभ्रे घेऊन गेल्या. पुढं बरेच दिवस आमची बोलचाल बंद. मी म्हटलं, चला, एक खामखा डोक्याचा ताप गेला.

मग चंद्रकलेच्या छातीत गाठ निघाली. डाव्या बाजूला. सुईनं त्यातला कण काढून तपासायला पाठवला आणि कॅन्सर आहे असं आलं. तो कण साळवे मॅडमनीच तपासला होता, हे आम्हाला लई उशिरा कळलं. रोज फाटकापाशी समोर यायची ही बाई, पण तोंडातून अक्षर नाही. फक्त चंद्रकला दिसली की घाईघाईनं पिशवीतली भाजी तपासायला लागायची. मला वाटायचं, अभ्र्यांचा राग बायकोवर काढतेय.

सर्जन म्हणाले, आधी औषध देऊ, गाठ बारीक होऊ द्या, मग ऑपरेशन. औषध सुरू करण्याआधी त्यांनी सुईनं गाठीच्या पोटात तिळाएवढी धातूची खूण सोडली. मी विरोध केला. म्हटलं, आम्ही अंगातली वस्तू घालवायला आलो, तुम्ही आणखी एक आत ठेवताय. सर्जन म्हणाले, "गाठ दिसेनाशी झाली तर जागा कशी सापडणार, बाबा?" मला ते पटलं नाही, पण चंद्रकलेनं माझ्याकडं असं बघितलं की मी सही केली.

औषधानं केस गेले. मी सुती कापडाच्या टोप्या शिवल्या, दर लुगड्याला मिळती एक. अंजिरी, मोरपंखी, शेंदरी. चंद्रकला आरशात बघून म्हणाली, "केस व्हते तेव्हा एवढं मॅचिंग कधी केलं नाय तुम्ही."

औषध शेवटाला आलं आणि गाठ हाताला लागेना. सर्जननी दाबून बघितलं, नाही. फोटोतही दिसेना. मी गल्लीत जाहीर करून टाकलं की ऑपरेशन रद्द. गिऱ्हाईक उठून गेलं, आता कात्री कुणावर चालवायची? हे मी सलीमच्या गाडीपाशी सांगत होतो आणि मॅडम पलीकडं दोडके चिरत होत्या. सुरी थांबली. किती दिवसांनी माझ्याशी बोलल्या.

"मास्तर, उन्हाळ्यात तळं कसं आटतं?"

"पाणी जातं, आटतं. त्यात काय?"

"सगळीकडून सारखं आटतं? कडेनं आत, कडेनं आत, असं?"

"कधी तसं. कधी मधलं कोरडं पडतं आणि इथं-तिथं डबकी राहतात."

"गाठही तशीच आटते. डबकं राहिलं असलं तर वरून हाताला लागत नाही, फोटोत दिसत नाही. ती जागा काढून बघावीच लागते." मग दोडक्याकडं बघत म्हणाल्या, "मी कुणाच्या घरचं बोलत नाही. तळ्याचं बोलतेय."

ऑपरेशन ठरलं. मी कुणाचं ऐकत नसतो. मला पटलं, एवढंच.

ऑपरेशन झाल्यावर सर्जन बाहेर आले आणि रीतीप्रमाणं काढलेला भाग ट्रेमध्ये दाखवला. "बघा बाबा, एवढंच काढलंय, बाकी सगळं राखलंय." मी बघितलं. कडेला दोन धागे बांधलेले होते. एक लांब, एक आखूड.

माझा हात शर्टाच्या खिशाकडं गेला, जिथं कात्री असते. तिथंच राहिला. चंद्रकलेची बाहेरची बाजू, चंद्रकलेची वरची बाजू. सर्जन धाग्यांचं काहीतरी सांगायला लागले होते, मी नुसती मान हलवली.

तो भाग औषधाच्या पाण्यात, झाकणाच्या बरणीत घातला. दवाखान्याचा माणूस म्हणाला, "द्या, मी लॅबला नेतो." मी म्हटलं, बायको माझी आहे, मी नेणार. चंद्रकलेजवळ तिची बहीण बसली होती. मॅडमची लॅब तिथून जवळच, पण मी हिशोब केला: लॅबमध्ये धा जणांच्या बरण्या, त्यात आपली मागं पडायची. त्यापरीस ओळखीच्या बाईच्या घरी नेऊन थेट हातात द्यावी. रविवार होता, मॅडम घरीच असणार. मी पडेगावची रिक्षा केली.

रिक्षावाला आरशातून बघत होता. "चाचा, डब्बे में क्या है? अचार?"

"बीवी का है," मी म्हणालो.

"घर का अचार घरकाच होता," तो म्हणाला. मी त्याला म्हटलं, सीधा चला.

मॅडम जेवत होत्या. पोळीचे काप करून ठेवले होते. बरणी बघितली आणि बाई ताडकन उठल्या.

"घरी? मास्तर, हे काय दळण आहे, येता-जाता टाकून जायला?"

"ओळखीचं आहे म्हणून..."

"ओळखीचंबिळखीचं काही नसतं." मग एकदम आवाज उतरला. "धागे आहेत?"

"आहेत."

"कापले नाहीत?"

"नाही."

"शाबास." या बाईकडून मला मिळालेली ही पहिली आणि आजतागायत शेवटची शाबासकी.

तशाच खरकट्या हातावर पाणी घेऊन निघाल्या. मला गाडीत बसवलं, बरणी माझ्या मांडीवर, वरून पट्टा. सगळ्या रस्त्यानं मला झापत होत्या. कैरीचं लोणचं घालताना अख्खी कैरी मिठात टाकली तर काय होतं? बाहेरून मुरते, आतून सडते. हेही तसंच आहे, काप करून पाणी आतपर्यंत पोचवावं लागतं आणि ते वेळेत करावं लागतं. लॅबच्या दारात मला उतरवलं, बरणी घेतली आणि मी काही विचारायच्या आत आत गेल्या.

त्यानंतर रिपोर्टची वाट. तुकड्यात डबकं निघालं तर पुढं आणखी औषध, आणखी कठीण. नाही निघालं तर चंद्रकला सुटली असं समजायचं. एवढ्या एका ओळीवर आमचं घर टांगलेलं होतं.

सर्जननी सांगितलेला दिवस उलटला. मी सकाळी मॅडमच्या फाटकापाशी कट्ट्यावर बसायला लागलो.

"रिपोर्ट सर्जनकडं जाईल, मास्तर."

"आम्ही काय सर्जनच्या गल्लीत राहतो?"

"पेशंटला सांगणं माझं काम नाही."

"पेशंट माझी बायको आहे."

"मग तिच्यापाशी बसा," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

सर्जनकडं फोन केला तर तिथली पोरगी म्हणाली, मॅडमनी आणखी तुकडे घेतलेत, अजून बघतायत. आता तुम्हीच सांगा, आणखी कशाला घेईल माणूस? काहीतरी घाण निघाली असणार, तिची खोली मोजत असणार. गल्लीतही तेच. ज्याला त्याला कुठला तरी चुलता आठवायचा ज्याचा रिपोर्ट उशिरा आला होता, आणि त्या चुलत्याचं पुढं काय झालं हे सांगताना लोक आवाज खाली आणायचे.

माझं डोकं फिरलं. तळ्याच्या बोलण्यानंतर मॅडमनी पुन्हा काम दिलं होतं, त्यांचा पांढरा डगला माझ्याकडं शिवायला होता, एक बाही लावायची बाकी. मी तो तसाच एका बाहीचा, सुट्या बाहीसकट, नेऊन फाटकावर टाकला.

मॅडमनी उलटसुलट करून बघितला. "एक बाही शिल्लक आहे."

"राहू द्या शिल्लक. तुमच्याकडंही आमचं शिल्लक आहे."

त्यांना काहीतरी बोलायचं होतं असं मला वाटलं. डोळ्यांखाली काळं झालं होतं. पण त्या डगला काखेत मारून आत गेल्या.

घरी येऊन मी तणतणत होतो. चंद्रकला पलंगावर बसून लसूण सोलत होती. टोपी शेंदरी. सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाली, "अहो, सलीमची वांगी इसरले का?"

"वांग्याचं काय आता?"

"किडकं निघालं की ती बाई काय करती?"

"थांबते. ढीग परत करते."

"आन् नाय निघालं की?"

"शेवटच्या वांग्यापर्यंत जाते."

"माझ्यात काय निघालं असतं तर पहिल्याच दिवशी लिहून मोकळी झाली असती ती. आहे म्हणायला एक काप पुरतो." लसणाची पाकळी तिनं वाटीत टाकली. "ती बाई नाही म्हणायला बसलीय, व्हय. बसू द्या तिला."

हे माझ्याही मनात आलं होतं. तिनं आधी बोलून दाखवलं, एवढंच. मी उठलो, मॅडमच्या फाटकावर गेलो आणि डगला परत मागितला. म्हटलं, बाही लावतो. त्यांनी दिला. सुट्या बाहीला दोन धागे बांधलेले होते, लांब आणि आखूड. मी ते शिलाई होईपर्यंत ठेवले. नंतरही ठेवले.

सर्जननी बोलावलं तेव्हा चंद्रकला मोरपंखी टोपी घालून गेली. सर्जन हसत होते, तरी मी खुर्चीत बसलो नाही. म्हणाले, औषधानं गाठ पूर्ण घालवलीय. काखेतल्या गाठीही साफ आहेत. तपासणीला येत राहायचं, पण आज घरी जाऊन गोड खा.

"मग एवढा उशीर?" मी विचारलं.

"ती धातूची खूण सापडेना. साळवे मॅडमनी केलेल्या प्रत्येक कापाचा एक्स-रे काढला, तेव्हा एका कापात सापडली. मग तिच्याभोवतीची सगळी जागा त्यांनी काचेवर घेतली. एरवी इतकं कुणी घेत नाही. मी म्हटलं होतं, मॅडम, काही दिसत नाही ना, मग लिहून टाका. तर माझ्यावरच चिडल्या. म्हणाल्या, आधी आटलेल्या तळ्याची जागा सापडू द्या. जागा सापडल्याशिवाय पाणी नाही असं कसं लिहू? मी दुसऱ्याच शेतात उभी असले तर?"

मी सर्जनला पेढे दिले, नर्सला दिले, लिफ्टवाल्याला दिले, वॉचमनला दोन दिले. घरी आलो तर चंद्रकला म्हणाली, "आन् जिनं बघितलं तिला?"

"तिला पेढा कापायला मी कशाला देऊ?"

"तिला घरी घेऊन या. मी लाडू वळते."

संध्याकाळी मी दोन बाह्यांचा डगला घेऊन फाटकावर गेलो. म्हटलं, चंद्रकलेनं घरी बोलावलंय.

"मी पेशंटच्या घरी जात नाही."

"आता ती पेशंट नाही. तुम्हीच तसं लिहून दिलंय."

"ते पाच वर्षांनी बोलू," मॅडम म्हणाल्या. पण चप्पल घातली.

आमच्या घरात ही बाई पहिल्यांदा येत होती. खुर्चीच्या टोकावर बसल्या, इंटरव्ह्यूला आल्यासारख्या. चंद्रकलेनं ताटलीत लाडू आणला, आणि शेजारी आठवणीनं सुरी ठेवली. मॅडमनी ताटली मांडीवर घेतली. सुरीला हात लावला नाही. चंद्रकलेकडं बघत राहिल्या.

"वहिनी, टोपी काढता?"

चंद्रकलेनं काढली. डोक्यावर बारीक लव आली होती, नुकत्या उगवलेल्या मेथीएवढी.

"येतायत," मॅडम म्हणाल्या.

"येतायत. ह्यांना आता टोप्या शिवायचं काम नाय राहणार."

मॅडम हसल्या नाहीत. म्हणाल्या, "माझ्याकडं नाव येतं. वय येतं. डावी का उजवी, ते येतं. चेहरा येत नाही. इतकी वर्षं झाली, ज्यांचं 'नाही' मी लिहिलं, त्यांच्यातलं एकही माणूस मी बघितलेलं नाही. बातमी सर्जन सांगतात. पेढे तिकडंच जातात."

"पण मला तर रोज बघत व्हता फाटकापाशी," चंद्रकला म्हणाली.

"बघत नव्हते. तुम्ही दिसलात की मी भाजी बघायचे. चेहरा बघितला असता तर हात हलला असता."

मला अशा वेळी काय बोलावं ते कळत नाही, म्हणून मी पंखा वाढवला.

चंद्रकलेनं खुर्ची ओढली आणि मॅडमच्या अगदी समोर, गुडघ्याला गुडघा लागेल अशी बसली. लुगड्याचा पदर नीट केला, फोटो काढायला बसतात तशी.

"मग आता बघा," ती म्हणाली. "निवांत बघा. सर्जनला काय घाई नाय."

मॅडम बघत होत्या. कपाळ, डोळे, ती मेथीची लव, कानातल्या कुड्या. डावीकडून उजवीकडं. त्यांचा हात आपोआप ताटलीत गेला, लाडू उचलला आणि अख्खाच तोंडाशी नेला. घास घेतला, चावला, पुन्हा घेतला. नजर चंद्रकलेवरून हलली नाही. गालावर बेसनाचा कण चिकटला होता, तो पुसायचंही भान नव्हतं.

सुरी ताटलीत तशीच पडलेली. त्या लाडवातला बेदाणा मधोमध होता का सरकलेला, ते कुणालाच कळलं नाही.